चूक सांगायची जागा

आश्विन सरत आला की माझी बोटं आपोआप चिमटीत येतात. हातात काही नसतं. भाकरी झाल्या, चूल निवली, भिंतीला टेकून बसले की अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांना शोधत येतात आणि हवेतलीच एक कळी धरतात. नात हसते. म्हणते, "आजी, कशात मीठ टाकून राह्यली वं?" मी हात पदराखाली घेते. या दिवसांत मिरची फुलते, आणि आमच्याकडच्या मिरचीला फुलताना बाईचा हात लागतो, हे तिला कुठं सांगत बसू.

तुम्ही आमच्या जानेफळच्या अंगाला आलात तर शेताशेतांमधून पांढऱ्या जाळीच्या मोठाल्या खोल्या दिसतील. लांबून वाटतं, कुणी लग्नाचे मांडव घातले आणि वऱ्हाड यायचंच राहून गेलं. त्याला आम्ही नेट म्हणतो. आत मिरची असते, पण खायची नव्हे, बियाण्याची. दुकानातून तुम्ही बियाण्याची पुडी आणता, वर लालभडक मिरचीचं चित्र असतं. त्या पुडीतल्या बियांमागं बाईचा हात असतो, तो चित्रात नसतो. उद्या फुलणारी कळी आज दुपारी ओळखायची. चिमट्यानं तिचं पोट उघडायचं आणि आतले नर केसर तिला न दुखवता काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी दव सुकलं की दुसऱ्या जातीच्या नराची पिवळी पूड, म्हणजे पोलन, बोटातल्या वाटीच्या अंगठीत घ्यायची, त्याच फुलाला लावायची आणि देठाला लाल लोकरीचा धागा बांधायचा. धागा बांधला की त्या फळाचं लग्न लागलं. बिनधाग्याचं फळ दिसलं की तोडून टाकायचं, कारण ते आपलं आपणच फळलेलं असतं, त्याचं बी कामाचं नाही. मिरचीचं फूल मान खाली घालून असतं. त्याला रुसलेल्या पोरीसारखं हनुवटीला धरून वर करावं लागतं. असं दिवसभर. जाळीतून गाळून आलेलं ऊन दुधासारखं पांढरं असतं, घाम मात्र गाळून येत नाही.

परवा मी अंगणात सुपात उडीद पाखडत होते तर कंपनीची जीप आली, टपावर भोंगा. "या, आपल्या माणसांत परत या! आपलं कुटुंब तुमची वाट पाहत आहे!" माझं सूप थांबलं. कुटुंब म्हणे. ज्या कुटुंबाला आपली माणसं बोलवायला भोंगा लागतो, ते कुटुंब नव्हे, ती सर्कस. यंदा फुलं भारी आलीत आणि हात मिळत नाहीत, म्हणून ही माया. फुलं नसताना या कुटुंबाला कधी उचकी लागल्याचं मी ऐकलं नाही.

आणि मग चार वर्षांपूर्वीचा तो हंगाम आठवला. आठवला म्हणजे गेलेला असतो कुठं? नखाखाली मिरचीचं तिखट बसावं तसा तो बसलाय. हात कितीही धुवा, डोळ्याला लागलं की कळतं.

आधी थोडं मागचं सांगते. कंपनी म्हणतात ती सुरुवातीला दहा गुंठ्यांचं एक नेट होती आणि आम्ही अकरा बाया. नेट रमेशभाऊचं. आमच्याच गावचा, माझ्या डोळ्यांदेखत शेंबूड पुसत शाळेत गेलेला. त्यानं कुठंतरी हे काम पाहिलं, शिकला आणि आम्हाला शिकवलं. आत जाताना पाय धुवायचे, हात साबणानं चोळायचे, आणि तंबाखूच्या हातानं झाडाला शिवायचं नाही, झाडाला रोग लागतो. या एका नियमानं आमच्यातल्या द्वारकाची तंबाखू सुटली. ती अजून म्हणते, "नवऱ्यानं मारून सुटली नाई, मिरचीनं सोडवली."

त्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली. एका झाडाच्या कळ्या काल उघडायच्या, त्या राहिल्या. सकाळी पाहते तर फुलं उमललेली, आपलं आपणच काम उरकून बसलेली. ती तोडून टाकायची. पण शेजारच्या ओळीत सगळ्या पुढं गेलेल्या, आणि मी वयानं मोठी. मागं पडले तर हसतील. मी निमूट त्या फुलांना पोलन लावलं आणि धागे बांधले. धागा काही बोलत नाही. पुढं बी निघालं, घेणाऱ्यांनी त्यातलं थोडं पेरून पाहिलं, रोपं वेगळीच निघाली आणि सगळा माल नाकारला. एका झाडापायी सगळ्या नेटाचं. रमेशभाऊ नेटाच्या दाराशी दगडावर बसून राहिला. मी जवळ जाऊन सांगितलं, बाबा, हे माझं काम. मला वाटलं हा आता ओरडेल. तो एवढंच म्हणाला, "मावशी, त्याच दिवशी सांगतलं असतं त एक झाड उपटलं असतं."

तेवढ्यावरून आमचा नियम झाला. कुणी भिंतीवर लिहिला नाही. दहा वाजता लिंबाखाली पोतं अंथरून सगळ्या चहाला बसायच्या, तेव्हा चहा ओतण्याआधी मी विचारायची, "कोणाचं काई?" ज्या बाईची चूक झाली असेल तिनं तिथंच सांगायचं. सांगितलं की विषय संपला. त्या दिवशी तिला कुणी टोमणा मारायचा नाही, घरी जाऊन नवऱ्याला सांगायचं नाही, आणि चहा झाला की सगळ्यांनी मिळून तिच्या ओळीत जायचं आणि चुकलेली फळं काढून टाकायची. सुरुवातीला बाया लाजायच्या. मग अशा सरावल्या की चूक नसली तरी सांगायच्या. द्वारका एकदा म्हणाली, "माहं हेच चुकलं का मी सासरी नांदाले आली." आम्ही तिलाही टोमणा मारला नाही. नियम म्हणजे नियम.

रमेशभाऊ आमच्यातच बसायचा. त्याच्याही चुका असायच्या. पाणी सोडायला विसरला, औषध जास्त झालं. तोही सांगायचा. आमच्यासमोर, बायांसमोर. त्या दहा गुंठ्यांत काही फळलं असेल तर ते हे.

मग वाढलं सगळं. देवानं दिलं, चांगलं झालं, मला वाढीचं वाईट वाटत नाही. वाढ कुणाला नको? पण पोर वाढलं की सदरा वाढवतात, यांनी आधीच मोठा सदरा शिवून त्यात पोराला ताणून बसवलं. नेटं किती झाली ते मला सांगता यायचं नाही. गावोगावच्या बाया गाडीत बसून यायला लागल्या. रस्त्याला दोन मजली इमारत, काचेचं दार, आणि रमेशभाऊचे झाले सर. आणि एक दिवस पुण्याहून मॅडम आल्या. माणसांची काळजी घ्यायला म्हणे खास नेमलेल्या. मला तेव्हाच पटलं नव्हतं. सैपाकाला बाई ठेवतात, धुण्याला ठेवतात, मायेला बाई ठेवलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

मॅडम गोऱ्या, नाजूक, वाईट नव्हत्या बिचाऱ्या. त्यांनी इमारतीच्या भिंतीवर एक चित्र काढून घेतलं. मधोमध माणूस, भोवती गोल आणि चारी बाजूंनी त्याच्याकडं येणारे बाण. वर लिहिलं, 'माणूस केंद्रस्थानी'. द्वारका बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "याले त सगळ्यायनं घेरलं वं."

मग दारात एक फळा लागला. एका बाजूला हसरं तोंड, एका बाजूला रडकं. आत जाताना आज कसं वाटतंय ते सांगायचं, हव्या त्या तोंडाखाली टिकली चिकटवायची. पहिल्या दिवशी दोघी-तिघींनी खरं खरं रडकं लावलं. त्यांना खोलीत नेऊन अर्धा तास विचारलं, आणि तो अर्धा तास कामातून गेला म्हणून दुपारी सुपरवायझर ओरडला. दुसऱ्या दिवसापासून झाडून सगळ्या हसऱ्या. द्वारकाची गाभण कालवड मेली त्या सकाळीसुद्धा तिनं डोळे पुसत पुसत हसऱ्या तोंडाला टिकली लावली. महिन्याच्या शेवटी मॅडमनी सांगितलं, आपल्याकडं सगळे आनंदी आहेत. आणि टाळ्या वाजवायला लावल्या. स्वतःच्या आनंदाला टाळ्या वाजवणारी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती.

एकदा तर कहर. आम्हाला हिरवळीवर उभं केलं. "डोळे मिटा, हात छातीवर घ्या आणि न घाबरता मागं पडा. तुमच्या मैत्रिणी तुम्हाला झेलतील. याला म्हणतात विश्वास."

द्वारका आमच्यातली सगळ्यात जाड. ती म्हणाली, "मॅडम, मी पडली त झेलनारीच्या तेरवीचा सैपाक करा लागीन."

"काकू, ट्राय तर करा!"

"बाई, आमी इतके वर्सं एकमेकीचे डबे खाल्ले. आता पडून काऊन पाहू?"

सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या, पण त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल? 'या बायांमध्ये विश्वास कमी' असंच असणार.

आणि या सगळ्या प्रेमात आमचा चहा गेला. कुणी मुद्दाम नेला नाही. मशीन आलं, कागदी पेले आले, चौघी चौघींच्या टोळ्या झाल्या, आणि उभ्या उभ्या पिऊन परत जायचं. लिंब तिथंच होता, त्याखाली आता साहेबांच्या गाड्या. मी मॅडमना जाऊन सांगितलं, बाई, चहाला सगळ्या एकत्र बसू द्या, चुका तिथंच कळतात. त्यांचे डोळे चमकले. "किती सुंदर प्रथा आहे, मावशी! आपण हिला मोठं करू." आणि केलंच मोठं. दर शनिवारी दुपारी हॉलमध्ये 'मोकळा संवाद' सुरू झाला. खुर्च्या, माईक, मागं फलक: 'चूक सांगा, निर्धास्त राहा.' आमच्या पोत्याएवढ्या गोष्टीचा त्यांनी मांडव केला. मी मूर्ख, मला त्याचा अभिमान वाटला. घरी येऊन सुनेला सांगितलं, माझा नियम भिंतीवर लागला.

आता सुनंदाचं सांगते.

सुनंदा शेजारच्या गावची. नवरा खामगावला कापसाच्या जिनिंगात, हंगामात महिना महिना तिकडंच. घरी दोन पोरी आणि ही. बोटं अशी, की कळीला कळू नये कधी उघडली. माझ्या हाताखाली शिकली, आणि दोन वर्षांत माझ्यापुढं गेली. पुढच्या हंगामात तिला टोळीप्रमुख करणार, असं सगळे बोलायचे. मी तर आधीच केलं होतं, मनात.

त्या वर्षी एकाच नेटात दोन जाती लावल्या होत्या. त्यामुळं नराच्या पोलनच्याही दोन प्रकारच्या डब्या. जुन्या पद्धतीत मी एका डबीला काळा दोरा बांधायची, एका डबीला काही नाही, म्हणजे आंधळ्यालाही कळावं. पण पाहुणे बघायला यायचे, सगळं एकसारखं दिसायला हवं, म्हणून दोरे काढले आणि सगळ्या डब्यांना कंपनीच्या चिन्हाचं सारखं हिरवं झाकण बसवलं. आकडा तळाला, मुंगीच्या पायाएवढा. एका गुरुवारी सुनंदानं अंगठीत पोलन भरलं, दोन ओळी पुऱ्या केल्या, धागे बांधले, आणि डबी परत ठेवताना तळ पाहिला.

दुपारी ती माझ्याकडं आली. तोंड असं, जणू कुणी घरून वाईट निरोप आणलाय.

"मावशी, दुसऱ्याच नराचं पोलन गेलं. दोन ओळी."

"कोणाले सांगतलं?"

"सुपरवायझर सायबाले म्हटलं, थोडं बोलाचं हाय. त्यायनं मान बी वर नाई केली. म्हंते, जे असन ते शनिवारी मोकळ्या संवादात."

"आपनच तोडू फळं."

"धागा बांधलेलं तोडलं त चोरी म्हंतात, मावशी. वर कॅमेरा हाय."

होता. आम्ही दोघींनी वर पाहिलं आणि पुन्हा खाली. तिनं ओढणीची किनार टरकन फाडली आणि त्या दोन ओळींच्या तोंडाशी चिंधी बांधून ठेवली, म्हणजे पुढं फळं ओळखायला चुकू नये. मग म्हणाली, "नाई सांगतलं त? कोनाले कळते?"

आणि मी, मी तिला म्हणाले, "सांगून टाक. आपल्या इथं सांगनारीले कोणी काई म्हनत नाई. हे मी घालून देलेलं हाय."

हे मी घालून दिलेलं आहे. केवढी ती माझी मिजास.

शनिवारी हॉल भरलेला. सुनंदा उठली. माईक तोंडाशी धरायची सवय नाही, तो हनुवटीला लागून किंचाळला. ती म्हणाली, तिच्याकडून दोन ओळींत पोलन चुकलं, चिंध्या बांधल्यात, फळं तोडून टाका, म्हणजे पुढं अडचण नको. एवढंच. दोन वाक्यं. मॅडम धावत आल्या, तिला मिठी मारली. "याला म्हणतात धाडस! जोरदार टाळ्या!" हॉल दणाणला. मीही वाजवल्या, हात लाल होईस्तोवर. सुनंदा भेदरून उभी, गळ्यात हार, हातात फुगा, आणि फोटो निघाला.

सोमवारी सकाळी फाटकाशी रांग होती. अंगठा लावला की हिरवा दिवा लागतो आणि दार उघडतं. सुनंदा माझ्यापुढं. तिनं अंगठा लावला, लाल. ओढणीला पुसून पुन्हा लावला, लाल. तिसऱ्यांदा थुंकी लावून पुसला.

फाटकावरचा माणूस हळूच म्हणाला, "वहिनी, तुमचा अंगठा घेऊन नाई राह्यलं ते. हे पत्र देलं तुमच्यासाठी."

पत्रात लिहिलं होतं, बियाण्याच्या शुद्धतेबाबत गंभीर निष्काळजीपणा, स्वतःच्या कबुलीनुसार. स्वतःच्या कबुलीनुसार! चुकीची तपासणी करणारं खातं वेगळं, मायेचं खातं वेगळं. हे टाळ्या वाजवतं, ते टाळ्यांची नोंद घेतं. सुनंदानं वळून माझ्याकडं पाहिलं. रांगेतनं बाजूला झाली, मला वाट दिली. मागच्या बाया ढकलत होत्या. मी अंगठा लावला. हिरवा लागला. आणि मी आत गेले.

तुम्ही म्हणाल, मग काय करणार होतीस? मला माहीत नाही. पण आत गेले, एवढं माहीत आहे.

दुपारी मात्र मी काचेच्या खोलीत गेले. रमेशभाऊ खुर्चीत. थंडगार खोली, बाहेर आश्विनाचं ऊन फोडून काढत होतं.

"मावशी, बसा. चहा सांगू?"

"चहाच सांगाले आली. सुनंदाले काऊन काढलं?"

"तपासणीवाल्यायचं काम हाय ते. माह्या हातात नाई. पद्धत हाय एक."

"कंपनी तुही. पद्धत कोणाची?"

त्यानं टेबलावरचं पेन सरळ केलं. "तुमी समजून घ्या. आता दहा गुंठे नाई राह्यले. एकीले सोडलं त सगळ्या शेफारतीन."

"ती सांगून गेली, रमेश. नसती सांगती त तुले कवा कळलं असतं? बी पेरून पाह्यल्यावर. माह्या वक्ताले कळलं तवा."

मला वाटलं, त्याला तो दगड आठवला. नेटाच्या दाराशी बसला होता तो दगड. आठवलाच असणार. पण त्यानं फोन उचलला आणि कुणाला तरी म्हणाला, मीटिंग दहा मिनिटं पुढं ढकला. मला दहा मिनिटं दिली त्यानं. मी दोनच वापरली.

सुनंदाच्या ओळींतल्या चिंध्या दुसऱ्या दिवशी निघाल्या, फळंही तोडली. म्हणजे तिनं सांगितलेलं कामाला आलं. तीच तेवढी नको झाली. आणि तिचा हारवाला, फुगावाला फोटो? तो मोठा करून दरवाजाशी लावला. 'आमच्या धाडसी सहकारी.' रोज सकाळी टिकली लावून आत जाताना आम्ही तिच्यासमोरून जायचो. पाहुणे आले की मॅडम तो फोटो दाखवायच्या. तिला आत यायला बंदी आणि फोटोला हलायला बंदी. निर्लज्जपणालाही चौकट घालता येते, हे मला म्हातारपणी कळलं.

पुढच्या शनिवारी मॅडमनी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" तीनशे बाया, आणि एवढी शांतता की पंख्याचं पातं घासलेलं ऐकू यावं. मॅडम म्हणाल्या, "वा! या आठवड्यात एकही चूक नाही." पुन्हा टाळ्या.

बाहेर मात्र बोलणं पसरलं. आजूबाजूच्या दुसऱ्या नेटवाल्यांनीही सुनंदाला घेतलं नाही. भेसळवाली, असं नाव पडलं. आमच्या भागात दुधात पाणी घालणाऱ्याला हसून सोडून देतील, पण बियाण्यात भेसळ म्हणजे पाप. तिच्या थोरल्या पोरीला शाळेत कुणी विचारलं, तुही माय बियानं खराब करते ना वं? हे मला दुसऱ्याकडून कळलं. मी तिच्याकडं गेले नाही. आज गुडघा दुखतो, उद्या सणवार. दोन कोसांचं गाव, मला चार वर्षं पुरलं.

आणि एक राहिलं. हे लिहिताना हात अडखळतो, पण हे नाही लिहिलं तर वरचं सगळं चहाड्या ठरेल. त्याच हंगामात, दिवाळीच्या तोंडावर, माझ्या ओळीत एका झाडाच्या कळ्या राहून गेल्या. सकाळी पाहते तर उमललेल्या. तीच चूक. पहिल्या वर्षीचीच, जशीच्या तशी, जणू माझा पत्ता विचारत आली होती. मी फाटकावरचा लाल दिवा आठवला. पोलन लावलं. धागे बांधले. टोळी चहाला गेली, मी गेले, आणि कागदी पेल्यातला गोड कोमट चहा उभ्या उभ्या प्यायले. शेजारी द्वारका होती. ती माझ्याकडं पाहत होती, मी पेल्यात. आता वाटतं, तिच्याही पोटात काहीतरी असणार. सगळ्यांच्याच असणार. हंगाम संपला तशी मी गुडघ्यांचं निमित्त करून घरी बसले. त्या बियाण्याचं पुढं काय झालं, ते मी कुणाला विचारलंही नाही. निरोपाला मला शाल दिली आणि एक कप, त्याच्यावर हसरं तोंड.

त्या मॅडम पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीत गेल्या. त्यांच्यानंतर आणखी एक आल्या आणि गेल्या. माणसं टिकवायला नेमलेली माणसंच तिथं टिकत नाहीत, पण हे कुणाच्या टिकलीत येत नाही.

परवाच्या भोंग्याच्या जीपमधून उतरल्या त्या तिसऱ्या. अगदी पोरसवदा. सरळ माझ्या अंगणात. "मावशी, जुन्या अनुभवी बायांना आम्ही परत बोलावतोय. सुनंदाताईंचं नाव सगळ्या घेतात, त्यांचा तर फोटो आहे आपल्याकडे! तुमचं त्या ऐकतील. चला ना माझ्याबरोबर."

फोटो आहे आपल्याकडे! या पोरीला माहीतही नव्हतं. मी तिला जीपमध्ये बसून सगळं सांगितलं, भोंगा बंद करायला लावून. ती ऐकत गेली, तिचे कान लाल झाले. मी गेले ते तिचं काम करायला नव्हे. एकटीनं त्या दारात उभं राहायची हिंमत मला नव्हती, ती परक्या जीपमध्ये बसल्यावर आली. माणूस कशाच्या आडोशाला लपेल सांगता येत नाही.

सुनंदा घरामागच्या वाफ्याशी होती. मेथी उपटून ढीग लावलेला, जानेफळच्या बाजारात न्यायचा. पोरी शाळेत गेलेल्या. तिनं आम्हाला पाहिलं, उठली नाही. "या" म्हणाली. तिचे केस पुढून पांढरे झालेत.

नव्या मॅडमनी सगळं सांगितलं. टोळीप्रमुख करू, जुनं सगळं पुसून टाकू, तुम्ही आमच्या कुटुंबातल्या.

सुनंदा मेथीची मुळं झटकत म्हणाली, "येते. पन एक हाय. रमेशभाऊनं इथं यावं. ह्या वाफ्यापाशी. आन शेजारीपाजारी असताना म्हनावं, सुनंदानं भेसळ नाई केली, माहं चुकलं."

मॅडम गोंधळल्या. "सरांचं शेड्यूल खूप... पण मी नक्की बोलते. निदान व्हिडिओ मेसेज तरी..."

"माहं नाव काई फोनवर नाई गेलं, बाई. माणसायच्या तोंडून गेलं. तसंच येऊ द्या."

मॅडम जीपकडं गेल्या आणि तिथून हाक मारली, "मावशी, येताय ना?"

"तुमी व्हा पुढं."

जीप गेली. धूळ खाली बसली. मग मी उभ्यानंच सांगितलं. तिला सांगायला लावलं ते, आत गेले ते, चार वर्षं आले नाही ते, आणि त्या झाडाचं, त्या धाग्यांचंही. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझा आवाज त्या माईकसारखा फाटत होता. "माहं चुकलं, सुनंदा."

ती रडली नाही, मला उठून जवळ घेतलं नाही. खोटं कशाला लिहू. पिवळी पानं काढत राहिली. मग एक गोणपाट माझ्याकडं सरकवलं.

"बसा. जुड्या बांधू लागा. बाजाराची वेळ होऊन राह्यली."

मी बसले. गुडघे कडकडले. मेथी दवानं ओली होती, बोटांना थंड लागली. मूठभर घेतली, मुळं सारखी केली, सुतळी गुंडाळून गाठ मारली आणि तिच्यापुढं ठेवली. सुनंदानं जुडी उचलली, हलवून पाहिली आणि गाठ सोडून टाकली.

"ढिली झाली, मावशी. पुन्हा बांधा."

मी पुन्हा बांधली.